संकलकाच्या यंत्राची स्मरणशक्ती



आजच्या व्याख्यानाला निमित्त एका प्रश्नाचे झाले, आणि तो प्रश्न माझा नव्हे. मी जन्मभर इतिहास शिकविला. संगणकाच्या दुकानाची पायरी फारशी चढलेलो नाही. परंतु आमच्या शेजारी एक तरुण राहतो. लग्नमुंजींचे चित्रण करावे, त्याचे संकलन करावे आणि यजमानांना नेऊन द्यावे, हा त्याचा व्यवसाय. गेल्या दिवाळीनंतर एके सकाळी तो आला आणि म्हणाला, "काका, एडिटिंगसाठी नवा संगणक घेतोय. एक दुकानदार म्हणतो १२८ जीबी रॅम पाहिजे, दुसरा म्हणतो ८ मध्ये भागते. तुम्ही एवढं वाचता, खरं काय ते सांगा." पैसे त्याच्या आईने पोस्टात ठेवलेल्या ठेवीचे होते, हे मला ठाऊक होते. तेव्हा "मला काय कळते त्यातले" असे म्हणून त्याची बोळवण करणे प्रशस्त वाटेना. इतिहासाच्या मास्तराला जे एकच करता येते ते मी केले. हा प्रश्न पूर्वी कोणाकोणाला पडला आणि त्यांनी त्याचे काय केले, ते शोधू लागलो. त्या शोधात जे हाती आले ते आज आपणापुढे ठेवीत आहे.

प्रथम शब्दांचा घोळ मिटविला पाहिजे. आपल्या बोलण्यात 'मेमरी' हा एकच शब्द दोन निरनिराळ्या गोष्टींना लावला जातो. मोबाइल विकणारा मेमरी म्हणतो तेव्हा त्याला बहुधा फोटो ठेवायची जागा अभिप्रेत असते. ती साठवण. संगणकाची रॅम म्हणजे आठवण. कीर्तनकाराच्या घरी गाथेच्या प्रती, बाडे, टिपणे कपाटभर असतील. परंतु तो वीणेकऱ्यापुढे उभा राहिला म्हणजे ओठांवर जे आहे तेवढेच त्याच्या उपयोगाचे. संकलनाच्या यंत्रातही साठवण तबकडीवर असते. ती मोठी, स्वस्त आणि मंद. आठवण रॅममध्ये, ती लहान, महाग आणि चपळ, आणि वीज गेली की पार पुसली जाणारी. हा भेद ध्यानात ठेवला म्हणजे पुढचा सारा इतिहास उलगडत जातो.

फिल्मच्या काळात ही आठवण कोठे होती? संकलकाच्या डोक्यात. फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला, त्या काळी कोऱ्या फिल्मच्या कडेची छिद्रेसुद्धा घरी पाडावी लागत, आणि ते काम सरस्वतीबाई अंधारात बसून करीत. या छिद्रांमुळे फिल्म मोजता येते. पुढे स्थिरावलेल्या ३५ मिलिमीटरच्या पद्धतीत एका चौकटीला, म्हणजे फ्रेमला, चार छिद्रे, फुटाला १६ फ्रेम्स, सेकंदाला २४ आणि मिनिटाला ९० फूट, असा हिशेब असतो. १९२४ साली अमेरिकेत आयव्हन सेरुरिए याने मूव्हिओला हे यंत्र केले आणि संकलकाला फिल्म पुढेमागे चालवून बारकाईने पाहता येऊ लागली. कापलेले तुकडे कापडी अस्तराच्या पेटीवर खिळ्यांना टांगून ठेवीत. कोणता तुकडा कोणत्या खिळ्याला आहे, ते संकलकाने आणि त्याच्या मदतनिसाने ध्यानात ठेवायचे.

आणखी एक गोष्ट ते करीत, आणि ती माझ्या मते या सगळ्या कथेची किल्ली आहे. मूळ निगेटिव्हला ते हात लावीत नसत. तिच्यावरून एक साधी कामचलाऊ प्रत छापून घेत आणि कापाकापी करायची ती त्या प्रतीवर. दोहोंच्या कडेला एकच अंक उमटलेले असत. संकलन पक्के झाले की त्या अंकांवरून निगेटिव्ह कापली जाई. म्हणजे काम हलक्या प्रतीवर करावयाचे, मूळ वस्तू तिजोरीत ठेवावयाची, आणि दोहोंचे नाते आकड्यांनी जुळवावयाचे. १९६० साली प्रभातच्या जागेत फिल्म इन्स्टिट्यूट निघाली, तेव्हा तेथे विद्यार्थी संकलन शिकले ते असेच फिल्म कापून आणि जोडून.

माणसाच्या आठवणीवर पडणारा भार किती असावा? फ्रान्सिस कपोला यांच्या 'अपोकॅलिप्स नाउ' या १९७९ च्या चित्रपटासाठी साडेबारा लाख फूट फिल्म खर्ची पडली. मिनिटाला ९० फूट धरले तर हे दोनशे तीस तासांहून अधिक झाले, आणि पडद्यावर आले ते अडीच तासांच्या आत. त्याच्या संकलकांपैकी एक, वॉल्टर मर्च, यांनी पुढे हिशेब मांडला की दिसलेल्या प्रत्येक मिनिटामागे ९५ मिनिटे न दिसलेली आहेत. एवढे सारे डोक्यात आणि वह्यांत धरून ठेवणारी माणसे होती.

दूरचित्रवाणीने हा धंदा अवघड करून ठेवला. १९५६ साली अँपेक्स कंपनीने दोन इंच रुंदीच्या चुंबकीय फितीवर चित्र नोंदविणारे यंत्र बाजारात आणले. फिल्म उजेडात धरली तर चित्र दिसते. चुंबकीय फीत उजेडात धरली तर तपकिरी पट्टीखेरीज काहीच दिसत नाही. मग तिच्यावर लोहकणांचा द्राव लावून, उमटलेल्या रेघा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून, पात्याने ती कापीत असत. अमेरिकेत १९६८ साली सुरू झालेला 'लाफ-इन' हा विनोदी कार्यक्रम अशाच सांध्यांनी जोडला जाई. याला कंटाळून लोक कापणे सोडून नकलण्याकडे वळले. एका फितीवरून दुसऱ्या फितीवर हवा तो भाग उतरवून घ्यायचा. परंतु त्यात एक मोठी खोच होती. तासाभराच्या कार्यक्रमात दहाव्या मिनिटाला दोन सेकंद कमी करायचे मनात आले, तर तेथून पुढचे सगळे पुन्हा उतरवावे लागे. टंकलेखन यंत्रावर ज्यांनी प्रबंध लिहिले आहेत त्यांना ही व्यथा समजावून सांगावयास नको. विचार बदलण्याची किंमत इतकी जबर असली की माणूस विचार बदलेनासा होतो, आणि संकलन म्हणजे तर विचार बदलण्याचाच धंदा. साठाच्या दशकाच्या अखेरीस प्रत्येक फ्रेमला तास, मिनिट, सेकंद आणि क्रमांक असा वेळेचा पत्ता देण्याची पद्धत आली, तेव्हा फिल्मच्या कडेचे अंक फितीलाही मिळाले. आता या पत्त्यांची नोंद ठेवायला कोणीतरी हवे होते. येथे संगणकाचा प्रवेश होतो.

१९७१ साली सीबीएस आणि मेमोरेक्स या दोन कंपन्यांनी मिळून सीएमएक्स ६०० हे यंत्र तयार केले. किंमत सुमारे अडीच लाख डॉलर. दोन काळेपांढरे पडदे, त्यावर टेकवावयाची प्रकाशलेखणी, आणि धुलाईयंत्राएवढी तबकड्यांची कपाटे. त्यांत सुमारे अर्ध्या तासाचे काळेपांढरे, निकृष्ट चित्र मावे. हवी ती जागा क्षणात समोर यावी, मधलाच तुकडा काढावा, पुन्हा घालावा, आणि पुढचे काहीही बिघडू नये, असे स्वातंत्र्य देणारे हे पहिले यंत्र. त्याचा चालक होता डिजिटल इक्विपमेंट कंपनीचा पीडीपी-११ हा संगणक.

आता आपला प्रश्न त्या यंत्राला विचारू या. त्याला आठवण किती होती? पीडीपी-११ च्या मूळ रचनेत पत्ता १६ बिटांचा. म्हणजे ६५,५३६ बाइटांच्या पलीकडे त्याला एका वेळी काही दिसतच नसे. त्या काळची स्मृती म्हणजे लोहसंयुगाच्या बारीक कड्या तारांत ओवून विणलेली जाळी. एक कडी म्हणजे एक बिट, आणि ते विणकाम बहुतांशी स्त्रिया हाताने करीत. बरे, अमेरिकन दूरचित्रवाणीची एक फ्रेम अंकांत मांडली तर किती होते? १९८२ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय मापाने आडवे ७२० आणि उभे ४८६ बिंदू, प्रत्येकाला दोन बाइट. म्हणजे ६,९९,८४० बाइट. एका फ्रेमसाठी अशा जवळजवळ अकरा संगणकांची आठवण एकत्र करावी लागली असती! कड्यांत सांगायचे तर छप्पन लाख कड्या ओवाव्या लागल्या असत्या, आणि त्यांत सेकंदाचा तिसावा भाग मावला असता.

मग ते यंत्र चालले कसे? चित्राला त्याने आठवणीत घेतलेच नाही. तबकडीवरून निघालेले चित्र परस्पर पडद्यावर जाई. संगणकाच्या आठवणीत राहत ते फक्त पत्ते: अमक्या फितीचा तमक्या फ्रेमपासून तमक्या फ्रेमपर्यंतचा तुकडा, मग त्यापुढे हा. अशा एका नोंदीला ऐंशी अक्षरे धरली तरी पाचशे तुकड्यांच्या कार्यक्रमाला चाळीस हजार बाइट पुरतात. कापण्याजोडण्याच्या बुद्धीला आठवण किती थोडी लागते पाहा. यंत्र फार महाग होते आणि फार थोडे विकले गेले, ही गोष्ट वेगळी. पण निगेटिव्ह तिजोरीत आणि काम हलक्या प्रतीवर, हा फिल्मवाल्यांचा जुना रिवाजच येथे विजेच्या भाषेत पुन्हा आला होता.

चित्राला प्रत्यक्ष आठवणीत घेण्याचा उद्योग त्याच सुमारास दुसरीकडे चालू होता. रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ साली ज्या स्मृतीचे पेटंट मिळाले, तिच्यात एका बिटाला एक ट्रान्झिस्टर आणि विद्युत्भार धरणारे एक इवलेसे पात्र एवढेच लागे. आपली आजची रॅम हिचीच वंशज. हे पात्र गळके असते. सेकंदाच्या काही सहस्रांश भागांत ते पुन्हा पुन्हा भरत राहावे लागते. लोहाच्या कड्या वीज गेली तरी विसरत नसत. स्वस्ताईसाठी आपण विसरभोळेपणा पत्करला, असे म्हणावयास हरकत नाही. इंटेलने १९७० साली या जातीची जी चिप काढली, तिच्यात १,०२४ बिट होते. एका फ्रेमसाठी तशा साडेपाच हजार चिप्स लागल्या असत्या. तरीही माणसे थांबली नाहीत. १९७३ साली झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधनशाळेत रिचर्ड शूप यांनी 'सुपरपेंट' नावाची यंत्रणा उभी केली. तिच्यात ६४० गुणिले ४८० बिंदूंचे एक चित्र आठवणीत धरले जाई आणि त्यासाठी सोळा पाट्या भरून चिप्स लागत. इंग्लंडमधल्या क्वांटेल कंपनीने १९७५ साली दूरचित्रवाणीची अख्खी फ्रेम धरणारी पेटी काढली. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये मैदानात शिरणारा धावपटू पडद्यावर दिसत असताना कोपऱ्यात ज्योतीचे वेगळे चित्र दिसले, ती या पेटीची करामत. एक फ्रेम! पुष्कळ कष्ट आणि सोन्याच्या भावाची सामग्री ओतून एक फ्रेम आठवणीत राहू लागली होती. याच क्वांटेलचे १९८५ चे 'हॅरी' हे यंत्र अंकरूप चित्र न दाबता तबकडीवर ठेवी, आणि त्यात मावत अवघी ऐंशी सेकंदे. जाहिरातवाल्यांना तेवढी पुरत.

मधल्या काळात आणखी काही चमत्कारिक प्रयोग झाले. १९८४ साली निघालेल्या 'मोंटाज' यंत्रात तर सतरा बीटामॅक्स यंत्रे एकदम जुंपलेली असत. सर्वांत तेच चित्रण. एक दाखवीत असताना दुसरे पुढची जागा शोधून तयार राही. त्याच वर्षी लुकासफिल्मने लेसर तबकड्यांवर चालणारा 'एडिटड्रॉइड' काढला. दोन्ही टिकले नाहीत. आठवण नाही म्हणून यंत्रांची पलटण उभी करावी लागली, एवढीच गोष्ट त्यांतून घ्यावयाची.

खरी कलाटणी १९८९ साली मिळाली. बिल वॉर्नर यांच्या अ‍ॅव्हिड कंपनीने अ‍ॅपलच्या मॅकिंटॉश संगणकावर बसणारी संकलनयंत्रणा विकावयास काढली. त्या वेळच्या मॅकिंटॉशच्या कार्यप्रणालीला ८ मेगाबाइटच्या वर आठवण वापरताच येत नव्हती. पुन्हा हिशेब करू. ८ मेगाबाइटमध्ये दूरचित्रवाणीच्या न दाबलेल्या फ्रेम्स किती? जवळजवळ बारा. तीस फ्रेम्सचा एक सेकंद. म्हणजे सेकंदाचा निम्मा भागही नाही, आणि तोही संगणकाने स्वतःसाठी एक कणही न ठेवता! अशा यंत्रावर लोकांनी तासातासाचे कार्यक्रम संकलित केले.

हे कसे शक्य झाले, ते समजण्यासाठी रहाटाकडे पाहावे. विहीर खोल आहे, पाट लांब आहे, आणि मधे गाडग्यांची एक माळ फिरते आहे. सगळे पाणी गाडग्यांत मावावे, असा आग्रह कोणताही शेतकरी धरीत नाही. गाडगे भरावे, वर यावे, रिते व्हावे, पुन्हा खाली जावे. चाक अडखळले नाही म्हणजे थोड्या गाडग्यांवर मळा भिजतो. तबकडी ही विहीर, पडदा हा पाट, आणि रॅम म्हणजे ही गाडगी. अ‍ॅव्हिडने चित्र दाबून, खडबडीत करून विहिरीत भरले, म्हणून थोडी गाडगी पुरली. मूळ फिल्म जागेवर होतीच. शेवटी आकड्यांवरून ती कापावयाची. म्हणजे पुन्हा तीच कामचलाऊ प्रत! वॉल्टर मर्च यांनी 'द इंग्लिश पेशंट' फिल्मवर कापण्यास आरंभ केला आणि मध्येच ते अ‍ॅव्हिडकडे वळले. १९९७ साली त्या संकलनाला ऑस्कर मिळाले, आणि संगणकावर केलेल्या संकलनाला मिळालेले ते पहिलेच. २००३ च्या 'कोल्ड माउंटन'साठी तर त्यांनी बाजारात सहज मिळणारा मॅकिंटॉश आणि फायनल कट प्रो वापरले. अडीच लाख डॉलरच्या कपाटांपासून येथवर यावयास बत्तीस वर्षे लागली.

यापुढे रॅम इतकी स्वस्त झाली की प्रश्न सुटावयास हवा होता. तो सुटला नाही, आणि याचे कारण मला मोठे मौजेचे वाटते. आठवण वाढली तसे चित्रही वाढले. उच्च दर्जाच्या दूरचित्रवाणीची फ्रेम १,९२० गुणिले १,०८० बिंदूंची. 'फोर-के' म्हणतात ती ३,८४० गुणिले २,१६० ची, म्हणजे जवळजवळ ८३ लाख बिंदू. एके काळी बिंदूला दोन बाइट पुरत. आता रंगांचे काम अचूक व्हावे म्हणून तांबडा, हिरवा, निळा आणि पारदर्शकता या चारींना चार-चार, असे सोळा बाइटही देतात. अशी एक फ्रेम १३ कोटी २७ लाख बाइटांची होते. बत्तीस बिटांच्या पत्त्याच्या संगणकाला जास्तीत जास्त ४ जीबी दिसत. त्यांत अशा फ्रेम्स मावतील बत्तीस. ही भिंत अडोबीच्या प्रीमियरने २०१० साली आणि अ‍ॅपलच्या फायनल कटने २०११ साली ओलांडली. चौसष्ट बिटांच्या पत्त्यामुळे ती कायमची मागे पडली. तरी ३२ जीबी म्हणजे किती? २५८ फ्रेम्स, आपल्याकडच्या सेकंदाला पंचवीसच्या गतीने दहा सेकंदांचा खेळ. १९८९ च्या ८ मेगाबाइटशी तुलना केली तर आठवण चार हजार शहाण्णव पट झाली, आणि हाती धरता येणाऱ्या फ्रेम्स बारावरून २५८ वर गेल्या, म्हणजे एकवीस-बावीस पट. बाकीची सारी वाढ चित्राने गिळली.

अर्थात हा हिशेब सर्वांत जड चित्राचा आहे, आणि तेवढे जड चित्र नेहमी लागतेच असे नाही. नुसती कापाकापी करणाऱ्याला आजही थोडी गाडगी पुरतात. आठवण खाणाऱ्या गोष्टी निराळ्या आहेत. पहिली म्हणजे कॅमेऱ्याने चित्र दाबण्याची आजची रीत. २००३ साली ठरलेल्या एच-२६४ पद्धतीत आणि तिच्या वंशजांत प्रत्येक फ्रेम स्वतंत्र लिहिलेली नसते; मागच्यापुढच्या फ्रेम्सपेक्षा हिच्यात काय निराळे आहे, तेवढेच बहुधा लिहितात. त्यामुळे साठवण वाचते, पण एक फ्रेम दाखवायची तर शेजारच्या कित्येक फ्रेम्स उलगडून हाती धराव्या लागतात. साठवणीत केलेली काटकसर आठवणीत भरावी लागते. दुसरी गोष्ट म्हणजे थरावर थर रचणे: हलती अक्षरे, पाठीमागचे चित्र बदलणे, धूर, ठिणग्या. १९९३ साली निघालेल्या 'आफ्टर इफेक्ट्स'सारख्या आज्ञावलींत प्रत्येक फ्रेम गणित करून तयार होते, आणि तयार झालेली फ्रेम पुन्हा करावी लागू नये म्हणून ती रॅममध्ये धरून ठेवतात. तेथे मात्र गाडग्यांचा न्याय चालत नाही. तेथे हौद लागतो. तिसरी गोष्ट चित्रपत्त्याची, म्हणजे ग्राफिक्स कार्डाची स्वतःची आठवण. रंगसंस्काराचे पुष्कळसे काम आता तेथे होते, आणि ती कमी पडली तर मुख्य रॅम कितीही असून उपयोग होत नाही. याबद्दल दुकानदार सहसा बोलत नाहीत.

एवढे सगळे झाल्यावर मी आमच्या तरुणाला बोलावले. त्याच्या कामाची चौकशी केली, ती खरे म्हणजे पहिल्याच दिवशी करावयास हवी होती. दोन कॅमेरे, फोर-के चित्रण, त्यातून वीस मिनिटांचा संक्षेप, एक गाणे आणि आरंभी वधूवरांची नावे. थरांचे काम जवळजवळ नाहीच. संकलनाच्या आज्ञावली विकणाऱ्या कंपन्यांची गेल्या काही वर्षांतील पत्रके आम्ही मिळून वाचली. अडोबी साध्या उच्च दर्जाच्या चित्राला १६ आणि फोर-केला ३२ जीबी सुचविते. 'दा विंची रिझॉल्व्ह'वाले साधारण कामाला १६ आणि थरांचे काम असेल तर ३२ म्हणतात. ८ वर भागवू पाहणाऱ्याचे चाक अडखळेल हे उघड होते. आणि १२८ जीबीचा हौद याच्याकडे कोरडाच राहिला असता. मी त्याला संगणक तेथल्या तेथे चालू करून पाहावयास सांगितले. त्याच्या जुन्या यंत्रात १६ जीबी होती. संक्षेप जोडताना काट्याने चौदाचा आकडा दाखविला आणि त्याच वेळी चित्र अडखळू लागले. मग त्याने हलक्या प्रती करून घेतल्या, ज्यांना हे लोक प्रॉक्सी म्हणतात, आणि तेच यंत्र विनातक्रार चालले. "ही तर फिल्मवाल्यांचीच युक्ती, काका," तो म्हणाला. मी त्याला निगेटिव्हची गोष्ट आधीच सांगितली होती.

नवा संगणक त्याने घेतलाच, कारण जुन्याचे चित्रपत्तेही दुबळे होते. २०२० पासून अ‍ॅपलच्या नव्या संगणकांत आठवण मुख्य चिपच्या सोबतच बसविलेली येते, मागाहून वाढविता येत नाही. म्हणून त्याने तो मार्ग सोडला. रॅम त्याने ३२ जीबी घेतली, दोन पट्ट्यांत, आणि पाटीवरच्या दोन खाचा रिकाम्या ठेवल्या. उरलेल्या पैशांत दोन तबकड्या आल्या. एकीवर चित्रण, दुसरीवर त्याची नक्कल. ही दुसरी संध्याकाळी काढून तो आईच्या कपाटात ठेवतो. मागल्या वर्षी एकच तबकडी होती, ती बिघडली, आणि एका मुलीच्या लग्नातल्या सप्तपदीचे चित्रण कायमचे गेले. ते पैसे त्याने परत केले. त्या घरी तो अजून जात नाही.